खंडेनवमीचा डबा

फेब्रुवारीतल्या त्या दुपारी सिडनीतल्या आमच्या टूनगॅबीचं आकाश इतकं पांढरंफटक झालं होतं, की त्यातला निळा रंग कुणी धुवायला काढून नेला असावा. अंगणातल्या निलगिरीची साल लांब पट्ट्यांनी सुटून लोंबत होती, पश्चिमेच्या डोंगरांतल्या वणव्याचा धूर वाऱ्याच्या लहरीप्रमाणे येत-जात होता, आणि त्या धुराच्या आडून, घराच्या आतूनच कुठूनतरी, एक निराळा वास हळूहळू खोल्यांचा ताबा घेत होता. आंबट, किंचित गोडसर, पिशवीत विसरलेल्या ओल्या मोज्यांसारखा. आणि त्याच्या तळाशी कापराची एक थकलेली, क्षीण झुळूक. घरातल्या कुणाहीपेक्षा तो वास वयाने मोठा आहे, एवढं मला पहिल्या श्वासात जाणवलं. कशाचा आहे, ते कळायला मात्र बरेच दिवस गेले.

मेधाने, म्हणजे माझ्या बायकोने, प्रथम हिंगाच्या डबीची उलटतपासणी घेतली आणि मग माझ्या बुटांची. बुटांची सुनावणी लांबली, कारण त्यांचा पूर्वेतिहास चांगला नव्हता. ते निर्दोष सुटल्यावर मी या देशातल्या वास्तव्यात मिळवलेलं सगळं ज्ञान पणाला लावून जाहीर केलं, की छपरात पॉसम, म्हणजे इकडचा मांजराएवढा झाडावरचा प्राणी, मरून पडला असणार. पॉसम पकडणारा आला, शिडी लावून छपरात डोकं घालून आला, घाम पुसत ‘नो पॉसम, मेट’ म्हणाला, आणि मग नाकाच्या रेषेत चालत थेट देवघराच्या कपाटापुढे जाऊन उभा राहिला. कपाटातले देव पाहून त्या भल्या माणसाने न सांगता बूट काढले, आणि अगदी खालच्या कप्प्याकडे बोट दाखवलं.

त्या कप्प्यात यमुनाआजी होती.

म्हणजे, आमच्या घरात तसं म्हणायची पद्धत होती. कप्प्यात होता तो पत्र्याचा एक गोल, पसरट डबा, अप्पांच्या धोतराच्या मऊ तुकड्यात गुंडाळलेला. अप्पा म्हणजे माझे आजोबा, यमुनाआजी म्हणजे त्यांची बायको, आणि या दोघांचं एकुलतं एक मूल म्हणजे माझे बाबा, जे आता नव्वदी ओलांडून आमच्याकडे राहतात आणि सकाळी चहाबरोबर माझ्या वजनावर भाष्य करतात. डब्यात चित्रपटाचं एक रीळ होतं: मूकपटांच्या मावळतीच्या दिवसांत निघालेल्या एका साहसी मालिकापटाच्या एका भागाचं, शेवटचं रीळ.

आज ज्याला आपण सिरीयल म्हणतो आणि सोफ्यावर लोळून बघतो, त्याची ती पणजी. दर आठवड्याला तंबूत किंवा थिएटरात एक भाग लागे, आणि प्रत्येक भाग मृत्यूच्या उंबरठ्यावर आणून सोडला जाई. घोडा कड्याच्या टोकाशी पोचलेला, पूल मधोमध तुटलेला, नायिका दरीवर लोंबकळणारी, आणि मग पडदा कोरा. पुढचं पुढच्या आठवड्यात. हे सगळं बनवणारी माणसं सर्कशीतून, तालमींतून, बंदरांवरून गोळा झालेली. सूर्य हाच त्यांचा दिवा आणि सूर्यास्त हाच त्यांचा भोंगा. हाडं मोडत, ती हळद-तेल लावून बांधली जात, आणि मोडलेल्या हाडाचा माणूस गडबडीच्या प्रसंगात मागच्या रांगेत उभा राहून दिवस भरून काढी. श्रेयनामावलीत नावं यायची ती नायक-नायिकेची, आणि भांडवल घालणाऱ्या शेठची. घोड्याचं नावही कधीकधी यायचं.

अप्पा कोकणातले. गलबतावर शिडाचे दोर सांभाळायचे, आणि तेच कसब घेऊन कंपनीत लागले: कड्यावरून माणसं सोडायची आणि वर ओढायची. यमुना सर्कशीत झुल्यावर काम करायची. दरीच्या काठावर नायिका उभी राहून डोळे विस्फारी, कॅमेरा थांबे, नायिका छत्रीखाली जाऊन बसे, आणि तिचेच कपडे चढवून यमुना दरीत उतरे. वरच्या टोकाला दोर धरून अप्पा. त्यांच्या प्रेमाबद्दल अप्पांनी आयुष्यात एकच वाक्य उच्चारलं, तेही बाबांच्या लग्नात, बहुधा मठ्ठा जास्त झाल्यामुळे: “दोर बांधला की ती कधी गाठ तपासायची नाही.” कविता करणारे इतकं कमी बोलून इतकं सांगत असतील तर मला त्यांचा हेवा वाटतो, मी तर वाढदिवसाच्या कार्डावरही जागा संपवतो.

बाबा रांगायला लागले त्या सुमारास यमुना तापाने गेली. कड्यांनी आणि घोड्यांनी जिला सोडलं तिला साध्या तापाने नेलं. तिचा एकच फोटो होता. ‘सर्कशीतल्या बाईचं तोंड घरात नको,’ म्हणत अप्पांच्या आईने तो न्हाणीघरातल्या बंबात घातला, आणि त्या पाण्याने, असं बाबा सांगतात, त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी आंघोळ केली. लवकरच बोलपट आले, कंपनी बुडाली, रिळांचे ढीग वजनावर विकले गेले. त्यांतली चांदी काढून घेत, आणि उरलेल्या पारदर्शक पट्ट्यांच्या म्हणे बांगड्या आणि कंगवे करीत. केवढे पाठलाग, केवढे पूर, केवढ्या तलवारी कुणाच्या तरी मनगटावर किणकिणत फिरल्या असतील! त्या ढिगातून अप्पांनी एक डबा उचलून आणला. पुढे लहानग्या बाबांनी आई कुठे आहे असं विचारलं की अप्पा त्या डब्यावर हात ठेवत आणि म्हणत, “यात आहे.”

बाबांनी आपल्या आईचा चेहरा कधीही पाहिलेला नाही. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो, आणि लहानपणापासून ऐकलेल्या वाक्यांचं जे होतं तेच त्याचंही झालं: ते भिंतीतल्या खुंटीसारखं झालं, त्यावर रोज काहीतरी अडकवायचं आणि तिच्याकडे बघायचं नाही.

डबा कधी उघडलाच नाही, असं मात्र नाही. दर वर्षी खंडेनवमीला आमच्याकडे तो पाटावर बसायचा. त्या दिवशी ज्याच्या त्याच्या हत्याराची पूजा. अप्पांच्या वेळी दोराचं वेटोळं आणि करवत, बाबांच्या वेळी पाटबंधारे खात्यातली त्यांची मोजपट्टी, माझ्या वेळी लॅपटॉप, ज्याला गंध लावताना मी कळफलकाचं रक्षण एखाद्या सुईणीच्या काळजीने करतो. पण मधोमध डबा. तुळशीच्या पानाने त्याच्यावर पाणी शिंपडायचं, हळद-कुंकू वाहायचं, अक्षता, झेंडू; आणि मग झाकण जरासं उचलून आत एक ओलं फूल क्षणभर टेकवायचं. आतल्या माणसाला पूजा पोचायला नको? अप्पांनंतर ते फूल बाबांनी टेकवलं, आणि गेली काही वर्षं बाबांचा हात धरून मी. मशीनवर चढवून बघू, असं बाबा तरुणपणी म्हणाले होते. त्यावर अप्पांनी ‘भडकतं ते, वेळ आली की बघू’ असं सांगून विषय मिटवला, आणि पुढे तर तसली मशीनंच राहिली नाहीत.

मी तो डबा विमानातून इकडे आणला, हे आता आठवलं की घाम फुटतो. सिडनीच्या विमानतळावर मी अत्यंत प्रामाणिकपणे कैरीचं लोणचं, मेथीचे दाणे आणि मेधाच्या आईने दिलेली बकुळीची वाळकी फुलं जाहीर केली. अधिकाऱ्याने तिन्ही गोष्टी दोन बोटांत धरून, देशाच्या संरक्षणासाठी, जप्त केल्या. डब्याबद्दल मी ‘फॅमिली थिंग’ म्हणालो. तो हसून म्हणाला, ‘नो वरीज.’

वरी म्हणजे काय ते आमच्या ईराने सांगितलं. ईरा आमची मुलगी, युनिला, म्हणजे विद्यापीठात, जाते, मराठी पूर्ण कळते आणि इंग्रजीत उत्तर देते. पॉसमवाला गेल्यावर तिने फोनवर काहीतरी वाचलं, डब्यापासून दोन पावलं मागे सरली आणि म्हणाली, “डॅड. दिस इज नायट्रेट. इट कॅन लिटरली कॅच फायर. आणि आपण त्याच्यासमोर निरांजन लावतो?”

“शेजारी लावतो,” मी म्हणालो. “समोर नाही.”

बाबा आरामखुर्चीतून ऐकत होते. ते म्हणाले, “म्हणजे वेळ आली.”

वेळ आणखी एका अर्थानेही आली होती. बाबांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे. दृष्टीच्या मधोमध एक करडा डाग बसतो आणि जग फक्त कडांनी उरतं. डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांच्या बुबुळाजवळ सुई टोचतात, ती वेळ थोडी लांबवण्यासाठी. त्यांना काही बघायचं असेल तर त्याच्या बाजूला बघावं लागतं. माझ्यावर रागावतात तेही माझ्या कानाकडे पाहून, त्यामुळे बोलणी कानाला बसली आणि मी सुटलो असा समज करून घेता येतो. पण एका सकाळी दाढी करताना त्यांनी मला हाक मारली आणि आरशाशेजारच्या टाइलकडे पाहत म्हणाले, “माझा चेहरा मला दिसेनासा झालाय रे. आता तिचा बघायचा तर लवकर बघायला हवा.”

ईरानेच शोधाशोध केली. शहराच्या दुसऱ्या टोकाला जुने चित्रपट जतन करणारी एक संस्था आहे, तिथल्या हेलन नावाच्या बाईंशी बोलणं झालं. एका सकाळी ती व्हॅन घेऊन आली: साठीची, केस कापलेली, बोलण्यात घाई नसलेली. जाड हातमोजे घालून तिने डबा उचलला आणि बर्फाच्या विटा भरलेल्या पेटीत ठेवला, ज्या पेटीला इकडे एस्की म्हणतात आणि ज्यात एरवी पिकनिकला बियर जाते. तेवढ्यात बाबा स्वयंपाकघरातून भिंत धरत-धरत आले. हातात वाटी. घरातून कुणी लांब निघालं की त्याच्या तळहातावर दही घालायचं. निघालेल्या माणसाला तर आता तळहात नव्हता, म्हणून त्यांनी वाटी हेलनसमोर धरली. हेलनने माझ्याकडे पाहिलं. मी अनुवाद करायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात तिने हातमोजा काढून हात पुढे केला होता. “फॉर द जर्नी,” बाबा म्हणाले. तिने दही चाटलं, गंभीरपणे मान हलवली आणि व्हॅन सुरू केली. आम्ही आमच्या गाडीने एम-फोर महामार्गापर्यंत तिच्या मागून गेलो. कुणी सांगितलं नव्हतं, पण बाबा सीटबेल्ट लावून बसलेच होते. हळू चाललेल्या व्हॅनमागून हळू जाणारी गाडी. मेधा नंतर म्हणाली, “लोकांना वाटलं असेल, कोणीतरी गेलंय.”

नंतरचे आठवडे वाट बघण्याचे. उन्हाळा उतरला, संध्याकाळी पांढऱ्या कोकाटू पोपटांचे थवे कर्कश ओरडत परतू लागले, हवेतला धूर जाऊन तिथे ओल्या गवताचा वास आला. त्या काळात मी काय केलं, तर गोष्टी सांगितल्या. इथल्या मराठी मंडळींत मी गोष्टी सांगणारा म्हणून प्रसिद्ध आहे, अर्थात माझ्याच मते. पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने घरून पदार्थ आणायच्या जेवणाला, माझी बटाट्याची भाजी कुणी विचारत नाही, पण मुलं जमतात आणि मी यमुनाआजीला दरीवर लोंबकळत ठेवून ‘पुढचं पुढच्या वेळी’ म्हणतो. वर्षागणिक ती दरी खोल होत गेली. मूळ गोष्टीत चिंचेच्या झाडाएवढा कडा होता. इथे आल्यावर मी ब्लू माउंटन्स पाहिले आणि कडा त्या मापाने वाढवला. ईरा साक्षी असते. “लास्ट इयर देअर वॉज अ रिव्हर, डॅड.” नदी आटली, मी सांगतो, दुष्काळ. या वेळी मात्र बाबा मध्येच म्हणाले, “थापा पुरे. खरं काय ते आता बघायचंच आहे.”

फोन आला तेव्हा हेलनचा आवाज जपून पावलं टाकत होता. काहीतरी वाचलंय, म्हणाली, फार नाही, या.

ती खोली थंड आणि स्वच्छ होती, औषधांच्या दुकानासारखा वास असलेली. हेलनने प्रथम डब्याची छायाचित्रं दाखवली. झाकण उघडल्यावर आत रीळ नव्हतंच. काकवीसारखा तपकिरी, चिकट गोळा होता, त्यावर बुडबुडे गोठलेले, आणि कडेला गंजाच्या रंगाची भुकटी. चित्रं असलेला थर विरघळून वाहून गेला होता. फक्त अगदी गाभ्याशी, जिथे पट्टी सर्वांत घट्ट गुंडाळलेली असते, तिथे हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या चौकटी सापडल्या. रिळाचा गाभा म्हणजे त्याचा शेवट. सगळी कथा गेली होती आणि शेवटचा क्षण तेवढा उरला होता.

मग तिने झाकण आणून दाखवलं. आतल्या बाजूने पत्रा चाळणीसारखा झाला होता, आणि गंजाच्या त्या नक्षीत लाल-पिवळे कण रुतून बसले होते. हे काय आहे, असं तिने विचारलं. मी पूजेबद्दल सांगितलं. दर वर्षी थोडंसं पाणी, फूल. तिने झाकण हलकेच खाली ठेवलं. मग अतिशय मृदूपणे म्हणाली, की अशा पट्टीचा पाणी हा सर्वांत मोठा शत्रू; एरवी एवढी वर्षं बंद राहिलेल्या डब्यातून पुष्कळ जास्त हाती लागलं असतं.

बाबांनी मला विचारलं, “काय म्हणते?”

“फार जुनं झालंय, म्हणते,” मी म्हणालो.

बाबा माझ्या कानाकडे पाहत राहिले.

हेलनने दिवे मंद केले आणि संगणकाच्या मोठ्या पडद्यावर त्या मोजक्या चौकटी एकामागून एक, पुन्हा-पुन्हा फिरतील अशा लावल्या. क्षणभराचाही नव्हता तो क्षण. ओरखड्यांच्या पावसाआड एक उभा दोर, आणि दोराला लटकलेली एक बाई. नायिकेची विजार, नायिकेचा पट्टा, पाठीवर नायिकेसारखी सोडलेली वेणी. ती किंचित आपल्याकडे झुलत येई, आणि परत मागे जाई. येई, जाई. आणि ती आपल्याकडे पाठ करून होती.

अर्थात पाठ करून होती. तिची नोकरीच ती होती: नायिकेच्या जागी मरणाशी खेळायचं, आणि आपण नायिका नाही हे कुणाला कळू द्यायचं नाही. चेहरा दिसला असता तर तो तिचा दोष ठरला असता. तेवढी चौकट कापून टाकली गेली असती. आख्खं रीळ जसंच्या तसं हाती लागलं असतं, काकवीचा गोळा परत चित्रं झाला असता, तरी त्यात तिचा चेहरा कुठेच नसता. अप्पांना हे ठाऊक होतं. वरच्या टोकाला उभं राहून त्यांनीच तर ते सगळं पाहिलं होतं. ‘वेळ आली की बघू’ असं म्हणताना ते कुठल्या वेळेला भीत होते, ते मला त्या थंड खोलीत समजलं. आई मागणाऱ्या पोराला त्यांनी एक बंद डबा दिला होता, आणि तो बंदच राहिला पाहिजे याची काळजी घेतली होती.

आणि खाली दरी होती. नदी नव्हती, जाळं नव्हतं. कोरड्या पात्रातले गोटे, इतके लहान दिसणारे, की डोळे फिरावेत. मला वाटत होतं, इतकी वर्षं मी वाढवून सांगतोय. मी तर कमी सांगत होतो.

मी बाबांकडे पाहिलं. ते पडद्यासमोर खुर्ची ओढून बसले होते आणि मान कधी इकडे, कधी तिकडे वळवत होते. पक्षी दाणा बघताना करतो तसं. मी हळूच म्हणालो, “बाबा, पाठमोरी आहे.”

“ते दिसलं.”

“चेहरा नाहीये.”

“अरे, ते समजलं मला.” मग जरा थांबून, “पायात काही नाही तिच्या?”

मी पाहिलं. नायिकेची विजार होती, पण नायिकेचे बूट नव्हते. दोर पकडता यावा म्हणून ती अनवाणी होती, आणि झुलून जवळ आली की दोन्ही तळपाय कॅमेऱ्याकडे वळत. भेगाळलेले, मातीने माखलेले, एका टाचेला बांधलेली चिंधी. सगळं रीळ विरघळून जाताना नेमके ते तळपाय शाबूत राहिले होते. बाबांनी खुर्ची मागे सारली. ते उठले. मला वाटलं, त्यांना बाहेर जायचंय. मी हात द्यायला गेलो तर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि ते वाकू लागले. नव्वदीतल्या माणसाचं वाकणं म्हणजे काय, ते ज्यांनी पाहिलंय त्यांनाच कळेल. एकेक मणका परवानगी मागत होता. पडद्याच्या काचेपाशी कपाळ नेऊन, काचेला न लावता, ते तसेच राहिले. ती येत होती, जात होती.

वर होताना त्यांची मान तिरकी होती. ते पडद्याच्या मध्याकडे बघतच नव्हते, बघू शकत नव्हते. वरच्या कोपऱ्याच्याही पलीकडे, भिंतीकडे त्यांची नजर होती. “हे कोण?” ते म्हणाले.

“कुठे?”

“कडेला. वर. हात आहेत कुणाचे तरी.”

हेलन पुढे झाली, तिने चित्र मोठं केलं. थिएटरात दाखवताना चौकटीची अगदी कड पडद्याबाहेर राहत असे, तिने सांगितलं. हे त्या काळी कुणाही प्रेक्षकाला दिसलं नसणार. अगदी वर, जिथून दोर चौकटीत शिरतो तिथे, दोन हातांच्या मुठी होत्या. मनगटं ताणलेली, शिरा फुगलेल्या. एवढंच. त्या मुठींत दोर, दोराला ती.

आम्ही सगळे पाहत होतो मधे, आणि ज्याला मधलं काही दिसत नाही त्याला ते दिसलं. हेलन काहीतरी म्हणाली, बहुधा सॉरी, किंवा थँक यू. तिच्या आवाजावरून दोन्ही वाटलं.

परतताना बाबा खिडकीकडे तोंड करून होते. रस्त्याकडेला कारखान्यांच्या भिंती, मग घरांची एकसारखी छपरं, मग पुन्हा भिंती. टूनगॅबीचा फाटा जवळ आल्यावर ते म्हणाले, “पाटबंधारे खात्यात मी सगळी नोकरी पत्रं इंग्रजीत लिहिली. तुला काय वाटलं, ती बाई काय बोलली ते मला कळलं नाही?”

मी फाट्यासाठी इंडिकेटर लावला.

“पाणी मीच शिंपडत होतो.”

“अप्पांनी सुरू केलं होतं, बाबा. आणि मीही…”

“तुझं काय, तू तर लॅपटॉपवरही चार थेंब टाकायला घाबरतोस.” ते हसले असावेत, खिडकीच्या काचेवर वाफ आली. “आईला पाणी पोचावं म्हणून टाकत होतो. पोचलं.”

मला सांत्वनाचं पुष्कळ येतं. पॉटलकमध्ये मी लोकांना त्यांच्या मॉर्गेजबद्दलही धीर देतो. त्या वाक्यावर मी फक्त गाडीतला पंखा वाढवला, काचेवरची वाफ जावी म्हणून. घरी आल्यावर मेधाने पिठलं-भात वाढला आणि बाबा दोनदा घेऊन जेवले, याचाही अर्थ काय लावावा ते मला अजून कळलेलं नाही.

डबा परत मिळाला नाही. उरलेला गोळा धोकादायक म्हणून तिथेच रीतसर नष्ट करावा लागला. हेलनने त्या मोजक्या चौकटी आम्हाला पाठवल्या, आणि ईराने त्या बाबांच्या टॅबवर घालून दिल्या. बाबा त्या फारशा बघत नाहीत. कधीतरी दुपारी टॅब मांडीवर असतो आणि नजर बाजूच्या भिंतीवर, तेव्हा मी ओळखतो, की बघतायत.

हिवाळा गेला. या देशात नवरात्र वसंतात येतं. देवीला फुलं वाहावीत तेव्हा रस्त्यांवर जॅकरांडाचा जांभळा सडा पडू लागतो, आणि जमिनीला उन्हाळ्याची पहिली चाहूल लागते. खंडेनवमीला मी पाट मांडला. लॅपटॉप ठेवला, बाबांची जुनी मोजपट्टी ठेवली. मधली जागा सवयीने मोकळी सोडली गेली, आणि मग ती मोकळी आहे हे लक्षात आलं. मेधाने तिथे रांगोळीचं एक गोल वर्तुळ काढलं, डब्याएवढं. टॅब ठेवायचा का, असं ईराने विचारलं. बाबा ‘नको’ म्हणाले, तेवढंच.

त्यांनी तांब्यातून तुळशीच्या पानावर पाणी घेतलं. हात वर्तुळावर नेला, आणि तिथे तो थांबला. दर वर्षीची ती हालचाल, मनगटाचा तो छोटासा झटका, या वेळी आला नाही. मूठ हवेत तशीच राहिली, शिरा वर आलेली, आणि ती मूठ मी याआधी एकदाच पाहिली होती, चौकटीच्या कडेला. बाबांची नजर खिडकीबाहेर होती, म्हणजे ते वर्तुळाकडे बघत होते. पानाच्या टोकाशी थेंब गोळा होत होता, जड होत होता. ईरा माझ्याकडे पाहू लागली: पुढे काय, डॅड?

पुढचं मला नेहमी ठाऊक असतं. नसलं तर मी रचतो. या वेळी मी फक्त पुढे सरकलो आणि बाबांच्या हाताखाली माझा तळहात धरला.